लिस्बनमधले पहिले दिवस: बेलेंला लगेच धावू नका

घाटावरची

लिस्बनवर आधी एक-दोन धागे येऊन गेलेत, पण ते बहुतेक स्पेन-पोर्तुगालच्या एकत्र सहलीतले. त्यात लिस्बनच्या वाट्याला दीड दिवस, आणि त्यातला एक बेलेंला. बेलें म्हणजे शहराच्या पश्चिमेचा नदीकाठचा भाग. वास्को द गामाची कबर, मठ, पाण्यातला मनोरा आणि ती जगप्रसिद्ध पेस्ट्री सगळं तिथेच असल्याने प्रत्येक जण पहिल्या सकाळी तिकडेच पळतो आणि उन्हात रांगेत उभा राहतो. आम्ही बेलें मुद्दाम मागे ठेवलं. कारण सोबत आत्या होती. आत्या शाळेत इतिहास शिकवायची, आणि "आधी भूकंप बघायचा, मग वास्को" हे तिने पुण्यातच ठरवून टाकलं होतं.

भूकंप बघायचा म्हणजे काय, तर १ नोव्हेंबर १७५५. सकाळचे साडेनऊ वाजून गेलेले. सर्व संतांचा सण, त्यामुळे चर्च गच्च भरलेली आणि जागोजागी मेणबत्त्या पेटलेल्या. त्यात धरणीकंप झाला. वाचलेले लोक कोसळत्या भिंतींपासून लांब म्हणून नदीकाठच्या मोकळ्या जागेत पळाले, तर तेजो नदीचं पाणी आधी मागे हटलं आणि मग लाटा होऊन शहरात शिरलं. उरलंसुरलं आगीने खाल्लं. ती आग पाच-सहा दिवस धुमसत होती. नदीकाठचा राजवाडा गेला, त्यातलं ग्रंथालय गेलं, त्याच वर्षी उघडलेलं नवंकोरं ऑपेरागृह गेलं. राजघराणं सकाळची प्रार्थना उरकून बेलेंकडे गेलेलं म्हणून वाचलं. पण राजा जुझे याने दगडी छताचा असा धसका घेतला की पुढे तो आजुदाच्या टेकडीवर लाकडी वाड्यात राहिला.

नदीकाठचा तो भव्य पिवळा चौक, प्रासा दो कोमेर्सियो, त्याच राजवाड्याच्या जागेवर आहे. जुनी माणसं अजून त्याला 'राजवाड्याचं अंगण' अशा अर्थाच्या नावानेच ओळखतात. मधोमध घोड्यावर हाच जुझे राजा, पुतळा १७७५ चा. पण थांबून बघायचा तो चौथऱ्यावरचा गोल पदकातला चेहरा. तो पंतप्रधान पोंबालचा. राजा वारल्यावर पोंबालची सद्दी संपली, तेव्हा १७७७ मध्ये तो चेहरा तिथून काढून टाकला, आणि १८३३ मध्ये परत आणून बसवला. आत्या म्हणाली, "बघ, पुतळ्यांचे खेळ आपल्याकडेच चालतात असं नाही."

पोंबाल माणूस क्रूर होता, विरोधकांना त्याने अक्षरशः चिरडलं. पण शहर उभं केलं त्यानेच. चौकामागची कमान ओलांडली की बाइशा सुरू होतं: सरळ रेषेत आखलेले रस्ते, एका उंचीच्या इमारती, सोनारांची गल्ली, चांदीवाल्यांची गल्ली, चांभारांची गल्ली. भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा बसवलेला असतो. जमीन हलली की लाकूड लवतं आणि इमारत तग धरते. त्याचे नमुने उभारून सभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं आणि पिंजरा टिकतो का ते पाहिलं, असं सांगतात. शिवाय प्रत्येक गावच्या पाद्र्याला प्रश्नावली धाडली: हादरे किती वेळ बसले, विहिरींचं पाणी वाढलं की आटलं, माणसं किती गेली. भूकंपाकडे दैवी कोप म्हणून न बघता मोजमाप करणारं ते पहिलंवहिलं मोठं सरकारी काम.

हे सगळं हाताच्या अंतरावर बघायचं असेल तर रुआ दोस कोरेएरोस या गल्लीत एका बँकेच्या इमारतीखाली उत्खनन जपून ठेवलंय. फुकट आहे, वेळ आधी घ्यावी लागते, माहीतगार माणूस सोबत येतो. खाली उतरलं की रोमन काळातल्या, मासे खारवायच्या दगडी टाक्या आहेत. त्यांच्या शेजारी पोंबालच्या माणसांनी गाळात ठोकलेले पाइनच्या लाकडाचे खांब. अडीचशेहून अधिक वर्षं झाली, पण भूजलात कायम बुडालेले असल्याने कुजलेले नाहीत. पाणी हटलं तरच धोका. म्हणजे वर आपण कॉफी पीत बसतो ती इमारत खाली ओल्या लाकडावर उभी आहे. आत्या त्या काचेवरून हलायलाच तयार नव्हती.

तिथून वर कार्मोला. १३८९ मध्ये पायाभरणी झालेला मठ, भूकंपात छत पडलं ते पुन्हा घातलंच नाही. दगडी कमानी तेवढ्या उभ्या आणि वर उघडं आकाश. बाहेरचा चौक जांभळ्या जॅकरांडाच्या झाडांचा. २५ एप्रिल १९७४ ला सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी इथल्याच छावणीला वेढा घातला, आत हुकूमशहा सालाझारचा वारस मार्सेलो कायतानो लपलेला. संध्याकाळी तो शरण आला आणि जवळजवळ अर्ध्या शतकाची हुकूमशाही संपली. बंदुकीच्या नळीत लाल कार्नेशनची फुलं खोचल्याचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच.

आल्फामा आणि किल्ल्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याचे फोटो सगळीकडे आहेत. आल्फामा भूकंपातून बऱ्यापैकी वाचलं, म्हणून तिथल्या गल्ल्या अजून वाकड्यातिकड्या. नकाशा खिशात ठेवा आणि हरवा. सांता लुझियाच्या गच्चीवर निळ्या फरशांचं एक चित्र आहे, त्यात भूकंपाआधीचा राजवाड्याचा चौक दिसतो. बाइशा आधी बघून झालं असेल तर ते चित्र कळतं, नाहीतर नुसता सेल्फीचा पडदा. किल्ल्यात मोर हिंडत असतात आणि मुलांना मोरच जास्त आवडतात.

आता बेलें. जेरोनिमुश मठ राजा मानुएलने बांधायला घेतला तो पूर्वेच्या व्यापारावरच्या पाच टक्के कराच्या पैशातून. सोप्या भाषेत, आपल्या मिऱ्यांतून. चर्चमध्ये शिरताच एका बाजूला वास्को, दुसऱ्या बाजूला महाकवी कामोंइश. वास्को वारला कोचीला, १५२४ च्या डिसेंबरात. आधी तिथेच पुरला, मग पोर्तुगालला नेला, आणि या मठात आला तो थेट १८८० मध्ये. त्या कबरीभोवती ही गर्दी. मात्र पुढे वेदीपर्यंत जा. तिथे मानुएल आणि त्याच्या वारसांच्या शवपेट्या हत्तींच्या पाठीवर ठेवल्यात. संगमरवरी हत्ती, सोंडा खाली सोडलेल्या, डोळे थकलेले. लिस्बनच्या राजांचा भार अक्षरशः हत्तींनी उचललेला. तिथे आमच्याशिवाय कोणी उभंही नव्हतं.

दुसरी गोष्ट मनोऱ्यावर. पश्चिमेच्या अंगाला एका बुरुजीखाली गेंड्याचं मुंडकं कोरलंय, आता वाऱ्यापाण्याने पार झिजलंय. हा गेंडा गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्क याला भेट दिला होता. त्याने तो १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून जहाजावर चढवला आणि २० मे १५१५ रोजी तो लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कुणी पाहिलेला नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीच पळून गेला. मग त्याला पोपकडे नजराणा म्हणून धाडलं, आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून बिचारा साखळदंडासकट बुडाला. जर्मनीतल्या ड्यूरर या चित्रकाराने त्याचं चित्र काढलं ते न पाहताच, कुणाच्या तरी पत्रातल्या वर्णनावरून. अंगावर चिलखताचे पत्रे असलेला तो गेंडा पुढे शतकभर आणि वर युरोपभर खरा मानला गेला.

पेस्ट्री खाल्ली. १८३७ पासूनचं दुकान आहे, गरम मिळते, वर दालचिनी भुरभुरायची. रांग आत बसणाऱ्यांची वेगळी आणि बांधून नेणाऱ्यांची वेगळी, दुसरी भराभर सरकते. बाकी शहरातल्या कुठल्याही बऱ्या बेकरीत तितकीच चांगली मिळते, यावर भांडायला मी तयार आहे.

प्रश्न विचारा. खर्चाचे आकडे देत नाही, ते दर हंगामाला बदलतात.

सोनचाफा

मस्त! गेंड्याचं माहीतच नव्हतं. आम्ही डिसेंबरात आईबाबांना घेऊन जातोय, दोघंही सत्तरीच्या पुढे, आईचे गुडघे बोलतात. सात टेकड्यांचं शहर म्हणतात, जमेल का?

घाटावरची

@सोनचाफा, जमेल, पण चढ पायांनी चढायचा नाही हे आधीच ठरवा. बाइशाहून वर शियादोला जायला मेट्रो स्टेशनातले लांबलचक सरकते जिने आहेत, दोन्ही तोंडं फाटकाच्या बाहेर, त्यामुळे तिकीट लागत नाही. किल्ल्याच्या बाजूला रुआ दोस फांकेइरोस गल्लीत सार्वजनिक लिफ्ट आहे. ती वरच्या रस्त्यावर सोडते, तिथून पुढे सुपरमार्केट असलेल्या इमारतीतली दुसरी लिफ्ट, आणि मग किल्ला हाकेच्या अंतरावर. दोन्ही फुकट. सांता जुस्ताची १९०२ ची लोखंडी लिफ्ट सुंदर आहे, पण तिच्या रांगेत आईंचे गुडघे आधी दुखतील. कार्मोच्या चौकातून तिचा वरचा भाग बघता येतो.

आणि बूट! पदपथ सगळे काळ्यापांढऱ्या चुनखडीच्या बारीक तुकड्यांचे. लाखो पायांनी घासून गुळगुळीत झालेत, पाऊस पडला की पाय सटकलाच म्हणून समजा. डिसेंबरात पाऊस असतो. रबरी तळव्याचे बूट न्या, नवे घेऊ नका.

पेडगावचा_शहाणा

एवढं काय आहे हो लिस्बनमध्ये? आम्ही पॅकेजात गेलो होतो. रंग उडालेल्या इमारती, भिंतींवर रंगवलेली अक्षरं, चढउतार. प्राग, व्हिएन्ना बघून आलात तर हे अगदीच गबाळं वाटतं. त्यात बाइशात उभं राहिलं की कानाशी येऊन 'हशीश, हशीश' करतात ते वेगळंच.

तिखटमीठ

शहाणे, व्हिएन्नाला राजाराणी अजून वाड्यात असल्यासारखी झाडलोट असते, लिस्बनला माणसं राहतात. ज्याची त्याची आवड. हशीशवाल्यांकडे लक्ष द्यायचं नाही. ते बहुतेक वेळा दाबून वडी केलेलं तमालपत्र विकतात हे तिथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. गिऱ्हाईक तक्रार कुठे करणार?

ट्राम २८ बद्दल घाटावरचीताईंनी लिहिलं नाही. ती सुटते मार्तिम मोनिझहून आणि जाते कांपो दे ओरिकेला. छोट्या पिवळ्या लाकडी डब्यांची, १९३० च्या दशकातली बनावट. आल्फामाच्या वळणांवर खिडकीतून हात काढला तर घराच्या भिंतीला लागेल. पण भर दुपारी चढाल तर घामट गर्दी आणि खिसेकापू, दोन्ही मिळतील. माझ्या डोळ्यांदेखत एका कोरियन काकांचं पाकीट गेलं. कापणाऱ्या दोघी इतक्या नीटनेटक्या बायका होत्या की काका त्यांना बसायला जागा देत होते. सकाळी आठच्या आत जा, किंवा कांपो दे ओरिकेच्या टोकाहून उलट्या दिशेने बसा.

घाटावरची

+१. आम्ही उलट्या दिशेनेच बसलो, आत्याला खिडकी मिळाली. ग्लोरियाची तारेवर चालणारी ट्राम जुन्या ब्लॉगांमध्ये 'करायलाच हवं' म्हणून दिसेल. ३ सप्टेंबर २०२५ ला तिची तार तुटून अपघात झाला, १६ माणसं गेली. त्यामुळे जुन्या याद्यांवर जाऊ नका, काय चालू आहे ते तिथे चौकशी करून ठरवा. बेलेंचा मनोराही दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. गेंडा मात्र बाहेरूनच बघायचा असल्याने अडत नाही.

म्हापशेकार

लेख बरो जाला. पण एक गोष्ट टोचली. मठ मिऱ्यांच्या पैशांतून बांधला हे तुम्ही गंमतीत लिहून पुढे गेलात. आम्ही गोंयकार तिकडे जातो तेव्हा इतकं सहज जात नाही. नदीकाठचं ते ५६ मीटर उंच 'शोधांचं स्मारक' पाहिलंत ना, दगडी गलबतासारखं? त्यावर ३३ माणसं कोरली आहेत. सालाझारच्या राजवटीत, १९६० मध्ये कायमस्वरूपी उभारलं ते. पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ ला, गोवा त्यांच्या हातून गेला. मला ते स्मारक बघताना हे साल सारखं आठवत होतं.

त्याच वेळी हेही खरं की तिथे गेल्यावर परकं वाटत नाही. कुठल्याही साध्या कॅफेच्या काचेत 'शामुसा' ठेवलेला असतो, म्हणजे आपला सामोसा. शाकुती मिळते. आंतोनियो कोश्ता आधी लिस्बनचे महापौर, मग २०१५ ते २०२४ पंतप्रधान. घराणं मडगावचं, घरातलं नाव बाबुश. गोव्याशी त्या देशाचं नातं एका वाक्यात बसत नाही एवढंच म्हणतो.

जुनाखोड

म्हापशेकार, तुमचा मुद्दा रास्त. त्यात भर घालतो, कारण धाग्यात रोसियोचा चौक राहून गेलाय आणि मला तो लिस्बनमधला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

रोसियोच्या उत्तरेला पांढऱ्या खांबांचं राष्ट्रीय नाट्यगृह आहे. पर्यटक समोर कारंज्यापाशी फोटो काढतात. त्या नाट्यगृहाच्या जागी पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा वाडा होता. पोर्तुगालात ते १५३६ मध्ये सुरू झालं आणि १८२१ मध्ये बंद पडलं. गोव्यातली शाखा १५६० ची. गार्सिया द ओर्ता हे नाव ऐकलं असेल. ज्यू घराण्यातला, वरवर ख्रिस्ती झालेला वैद्य, १५३४ मध्ये लिस्बनहून गोव्याला गेला. आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवर त्याने लिहिलेलं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होतं. मेल्यानंतर, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली. आता लिस्बनला नदीकाठच्या नव्या वस्तीत त्याच्या नावाची बाग आहे.

नाट्यगृहाशेजारून दोन मिनिटं चाललं की सांतो दोमिंगोस चर्च. १९५९ च्या आगीनंतर त्याच्या भिंती तशाच तडकलेल्या, करपलेल्या ठेवल्यात. आत गेलं की लाल रंगाच्या छताखाली फुटलेले खांब दिसतात. बाहेर १५०६ च्या कत्तलीचं स्मारक, त्या एप्रिलात इथून सुरुवात होऊन शहरातल्या ज्यू वंशाच्या लोकांना मारलं होतं. आणि त्या स्मारकाच्या समोरच टपरीवजा दुकानातून लोक चेरीची गोड दारू, जिंजिन्या, इवल्याशा पेल्यातून पीत उभे असतात. मीही प्यायलो.

संशोधनाची आवड असणाऱ्यांसाठी: लिस्बनजवळच्या सिंत्राला पेन्या वेर्दे नावाची जुनी वाडी आहे, गोव्याचा गव्हर्नर जुआंव द काश्त्रो याची. दिवचा किल्ला पुन्हा बांधायला पैसे हवे म्हणून गोव्याच्या नागरिकांकडे स्वतःच्या दाढीचे केस गहाण टाकणारा तो हाच. सोमनाथचा एक संस्कृत शिलालेख त्याने तिकडे नेला. वाघेला राजा सारंगदेवाच्या काळातला, विक्रम संवत १३४३ चा. जागा खाजगी आहे, सहज आत सोडत नाहीत. पण पेना राजवाड्याच्या रंगीत भिंतींपुढे फोटो काढताना डोंगराच्या कुशीत सोमनाथचा दगड आहे हे माहीत असलेलं बरं.

वसईची_सायली

जुनाखोड काका, मस्त प्रतिसाद! आमच्या वसईच्या किल्ल्यातली चर्च छप्पर नसलेलीच, त्यामुळे कार्मोमध्ये गेल्यावर मला माहेरी आल्यासारखं झालं. :)

आमच्यासारख्या ख्रिस्ती वाचकांसाठी सांगते, साओ रोक चर्च चुकवू नका. बाहेरून अगदी साधं, भूकंपातून वाचलेलं. आत संत योहानाचं एक चॅपल आहे, ते पुरं रोममध्ये घडवून, सुटं करून जहाजाने आणलं. निळा लाजवर्द दगड, ॲगेट, सोनं, नुसता डोळ्यांना त्रास. पण मला आवडली ती सॅक्रिस्टी, म्हणजे पाद्र्यांची वस्त्रं ठेवायची खोली. तिथे संत फ्रान्सिस झेवियरच्या आयुष्यातल्या प्रसंगांची चित्रं रांगेने लावलीत. ते लिस्बनहून ७ एप्रिल १५४१ ला निघाले. आजीला जुन्या गोव्यातलं शव दाखवायला नेलं होतं, तिला हे दाखवायला हवं होतं.

दादर_टीटी

मुंबईकरांसाठी एक ठिकाण. साओ व्हिसेंते दे फोरा मठात ब्रागान्सा घराण्याच्या कबरी आहेत, त्यात कॅथरीन. १६६१ च्या तहाने जिच्या लग्नात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मुंबई आंदण मिळाली ती. बेट प्रत्यक्ष ताब्यात यायला १६६५ उजाडलं, आणि १६६८ मध्ये राजाने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. दहा पौंड! आमच्या सोसायटीत आज पार्किंगसाठी मारामारी चालू असते, आणि मी त्या बाईच्या कबरीपुढे उभा राहून म्हटलं, बाई, तुम्हाला भाव ठरवताना कुणी विचारलंच नाही ना.

मठाच्या मागे मंगळवारी आणि शनिवारी जुन्या बाजाराचा पसारा असतो. फुटक्या फरशा, चावीची घड्याळं, वसाहतींच्या युद्धातली पदकं. घासाघीस चालते.

निमकर_शाकाहारी

इतिहास झाला, आता पोटाचं बोला. शुद्ध शाकाहारी माणसाने तिथे काय खायचं? कालदो वेर्दे नावाचं पालेभाजीचं सूप मागवलं तर त्यात सॉसेजच्या चकत्या तरंगत होत्या.

तिखटमीठ

कालदो वेर्देत ती चकती असतेच. त्याऐवजी साधं भाज्यांचं सूप मागा, 'सोपा दे लेगुमेश', जवळपास प्रत्येक खानावळीत रोज असतं. रस्सा मांसाचा नाही ना एवढं विचारून घ्या. मार्तिम मोनिझच्या मागे रुआ दो बेन्फोर्मोझो गल्लीत भारतीय, बांगलादेशी, नेपाळी दुकानं आणि खानावळी आहेत. आणि घरच्यासारखं जेवण हवं असेल तर लुमियारला राधाकृष्ण मंदिर, तिथल्या उपाहारगृहात गुजराती पद्धतीचं शाकाहारी ताट मिळतं. तिथली बरीच कुटुंबं मूळची दिव आणि गुजरातची, मोझांबिकमार्गे लिस्बनला आलेली. रस्त्याचं नावही महात्मा गांधींचं आहे.

एक सूचना सगळ्यांनाच: बसल्याबरोबर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर आणून ठेवतात. ते फुकट नसतं, खाल्लं तर बिलात लागतं. नको असेल तर हात न लावता परत करा, कोणी वाईट मानत नाही. आपले लोक दोन्ही प्रकारे चिडतात, खाऊनही आणि न खाऊनही.

सोनचाफा

आणि हॉटेलात शिरताना वेगळा कर मागितला तर दचकू नका, बरोबर? बहीण सांगत होती.

घाटावरची

बरोबर. नगरपालिकेचा कर आहे, माणशी दर रात्री ४ युरो, जास्तीत जास्त सात रात्रींचा. तेरा वर्षांखालच्या मुलांना नाही. वाहतुकीसाठी स्टेशनावर नावेगांते कार्ड घ्या आणि त्यात पैसे भरून ठेवा. मेट्रो, ट्राम, उपनगरी गाडी, पलीकडे जाणारी बोट, सगळ्याला तेच चालतं. माणशी एक कार्ड लागतं, एकावर दोघं जात नाहीत. विमानतळ लाल मार्गावर आहे. आणि सोमवारी मठ आणि बरीच संग्रहालयं बंद.

जुनाखोड

एक ठिकाण सांगायचं राहिलं, तेही मराठी माणसाला सांगायला हवं. कॅथेड्रलच्या शेजारी आल्जुबे नावाची करडी इमारत आहे. सालाझारच्या गुप्त पोलिसांचा राजकीय कैद्यांसाठीचा तुरुंग, २०१५ पासून संग्रहालय. आत एक मीटर रुंद, दोन मीटर लांब अशा कोठड्या दाखवल्यात, माणूस धड वळूही शकत नाही. ट्राम २८ बरोबर दारासमोरून जाते, आणि ट्राममधले सगळे दुसऱ्या बाजूला कॅथेड्रलकडे बघत असतात.

गोवा मुक्तिसंग्रामातले मोहन रानडे, सांगलीचे, आझाद गोमंतक दलाचे. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. पुढे त्यांना पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियासच्या किल्ल्यात ठेवलं. गोवा १९६१ ला सुटला, रानडे सुटले नाहीत. ते सुटले १९६९ च्या जानेवारीत. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके इथे वर्षानुवर्षं झटत होते. तामिळनाडूचे अण्णादुराई १९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांना भेटले, तेव्हा त्यांनीही रानड्यांसाठी शब्द टाकला. काशियास हे काइश दो सोद्रेहून काश्काइशला जाणाऱ्या गाडीच्या वाटेवरचं साधं उपनगरी स्टेशन आहे. तुरुंग अजून तुरुंगच आहे, आत जाता येत नाही. समुद्रकिनाऱ्याला निघालेले आपले लोक त्याच गाडीत बसलेले असतात.

म्हापशेकार

देव बरें करूं जुनाखोड. रानडेंचं नाव इथे यायलाच हवं होतं. आमच्याकडचे तेलो मास्कारेन्यशही तिकडेच तुरुंगात होते, ते १९७० मध्ये सुटले. ज्यांना आणखी बघायचं आहे त्यांनी पेनीशला जावं. उत्तरेला समुद्रात घुसलेला किल्ला, तिथे आमचे त्रिस्तांव ब्रागांझ कुन्या कैदेत होते. २०२४ च्या एप्रिलपासून तिथे राष्ट्रीय संग्रहालय झालंय.

थोडं हलकंफुलकंही सांगतो. केलुशच्या राजवाड्यातलं चॅपल बघा. आमचा आबे फारिया, पणजीला संमोहन करतानाचा पुतळा आहे तोच, तरुणपणी तिथे राणीपुढे प्रवचन द्यायला उभा राहिला आणि त्याची वाचाच बसली. खाली बसलेल्या बापाने कोंकणीत हळूच सांगितलं: ही सगळी भाजी, कातर रे भाजी! मग पोरगा असा बोलला की सगळे थक्क. आख्यायिका आहे, पण गोव्यात प्रत्येकाला पाठ.

पेडगावचा_शहाणा

बरं, मी शब्द मागे घेत नाही, प्राग अजून सरसच. पण आमच्या गाइडने यातलं एकही सांगितलं नव्हतं. त्याने आम्हाला दीड तास कॉर्कच्या पर्सच्या दुकानात उभं केलं होतं.

तिखटमीठ

पर्स घेतलीत का?

पेडगावचा_शहाणा

तीन.

सोनचाफा

😂😂 केलुश आणि सिंत्रा एकाच दिवसात होईल का? आईबाबांना घेऊन?

घाटावरची

एकाच मार्गावर आहेत. रोसियोच्या स्टेशनातून सिंत्राची गाडी, साधारण चाळीस मिनिटं, केलुश वाटेत लागतं. सगळे तरुण असता तर म्हटलं असतं एका दिवसात करा. तुम्ही सिंत्रात फक्त पेना बघा, वेळेचं तिकीट आधी काढा, स्टेशनहून वर बसने जा. पायी चढायचा विचारसुद्धा नको, धुकं आणि ओलं रान असतं. केलुश दुसऱ्या दिवशी दुपारी. उतरायचं केलुश-बेलाश स्टेशनला, तिथून वाडा पंधरा-वीस मिनिटं सपाटीवर आहे, नाहीतर टॅक्सी करा. डिसेंबरात पाच-सव्वापाचला अंधार पडतो, तेव्हा जेवण उरकून रेंगाळू नका.